थंड मुलखातील भुईमूग

भुईमूग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तापलेली शिवारे येतात. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे पीक उबेचेच आहे. तरीही कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या दक्षिणेस, ईरी सरोवराकाठच्या नॉरफोक परगण्यात ते घेतले जाते. इतिहासाच्या शिक्षकाने पिकावर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु या पिकामागे एका जमिनीचा आणि तिच्यावर जगणाऱ्यांचा इतिहास आहे.

तेथील जमीन वालुकामय. एकोणिसाव्या शतकात वसाहतकऱ्यांनी जंगल तोडून धान्य पेरले. कस गेला आणि वाळू वाऱ्यावर उडू लागली. १९०८ मध्ये सेंट विल्यम्स येथे सरकारी रोपवाटिका निघाली, ती अशा जमिनीवर पुन्हा झाडे उभी करण्यासाठी. १९२०च्या दशकात तंबाखू आली व त्याच हलक्या मातीतून पैसा मिळू लागला. शतकाच्या अखेरीस तंबाखूची मागणी घटली, तेव्हा शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : या वाळूत आता काय पेरायचे? जिनसेंगसारख्या पिकांबरोबर भुईमूग हेही एक उत्तर ठरले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे असाच प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. कापसाने निकस झालेल्या जमिनीसाठी गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी भुईमुगाचा आग्रह धरला होता. मात्र त्यांच्या अलाबामात ऊब भरपूर होती. नॉरफोकमध्ये खरी टंचाई दिवसांची.

माती सुमारे १८ अंश सेल्सिअस तापल्याशिवाय बी नीट उगवत नाही. थंड ओलीत ते कुजते. आपल्याकडेही उन्हाळी भुईमूग थंडी ओसरल्यावरच पेरतात, हे शेतकरी पालकांना सांगायला नको. नॉरफोकमध्ये ती वेळ मे महिन्याच्या उत्तरार्धात येते. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात फुले लागतात, आऱ्या जमिनीत शिरतात आणि फुलापासून शेंग पक्व व्हायला सुमारे दोन महिने जातात. शरदात दहिवर पडले की खेळ संपला. म्हणून उशिराच्या फुलांचा उपयोग नाही, आणि लवकर येणारे उपट्या जातीचे व्हॅलेन्सिया वाणच तेथे चालतात. अशा वेळी निकस ठरलेली वाळूच कामी येते : ती वसंतात लवकर तापते, आऱ्यांना वाट देते आणि शेंगा उपटताना सोडतेही सहज. जिथे भुईमूग कधी नव्हता तिथे त्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणूही नसतात. ते बियाण्याबरोबरच न्यावे लागतात.

काढणीनंतरचे काम अधिक नाजूक. आपण शेंगा खळ्यावर उन्हात टाकतो. तेथे सप्टेंबरअखेरचे ऊन पुरत नाही. ओल राहिली तर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. म्हणून यंत्राने कोमट हवा खेळवून शेंगा वाळवतात. घाई करून हवा ३५ अंशांच्या फार वर नेली, तर दाण्याची चव बिघडते आणि भाजताना त्याची फाकळी होते.