मोटारीच्या ऑइल चेंबरची गळती

एंजिनाच्या तळाशीं जें तेलाचें पात्र असतें, त्यास कारागीर ऑइल चेंबर म्हणतात. तेथील तेल आटलें तर एंजिन जाम होतें. गळती दिसतांच प्रथम एंजिन वरपासून पुसून पाहावें. कारण वरील झांकणांतून पाझरलेलें तेलहि ओघळत खालींच येतें.

दोष चेंबरचाच ठरल्यास गाडी सपाट जागीं भक्कम टेकूंवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींहि शिरूं नये. कोमट तेल काढून बोल्ट सोडवावे. जुनें पॅकिंग खरवडून दोन्ही कडा स्वच्छ व कोरड्या कराव्या. सिलिकोन लावावयाचें असल्यास सुमारें ३ मिलिमीटरची अखंड रेघ ओढावी. अधिक लावल्यास तें आंत सुटून तेल ओढणारी जाळी बुजवितें. बोल्ट मध्यापासून टोकांकडे आळीपाळीनें आवळावे. ६ मिलिमीटरच्या बोल्टास बहुधा सुमारें १० न्यूटन-मीटर जोर पुरतो. त्याहून अधिक आवळल्यास पत्रा वांकून तेलास नवी वाट मिळते. तेल दुसऱ्या दिवशीं भरावें.

विद्यार्थिमित्रहो, या कामांत निम्म्याहून अधिक वेळ पुसण्यांत व खरवडण्यांतच जातो. गळती थांबते ती त्यामुळेंच.