बुडबुड्यांच्या आधाराने जगणारी गोगलगाय



बागेतली गोगलगाय आपण सर्वांनी पाहिली आहे. पण जमिनीला कधीही न टेकता, भर समुद्रात तरंगत आयुष्य काढणारी गोगलगाय तुम्हाला ठाऊक आहे का? तिचे शास्त्रीय नाव जँथिना जँथिना. तिचा जांभळा शंख पातळ आणि जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा असतो. ती उष्ण महासागरांत आढळते.

तिला पोहता येत नाही. मग ती बुडत कशी नाही? ती पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्या पायाने हवा पकडते आणि तिच्याभोवती चिकट स्राव गुंडाळते. स्राव घट्ट झाला की बुडबुडा तयार! असे बुडबुडे जोडून तराफा होतो आणि त्याखाली ती उलटी लटकते. 'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण आपण शिकलो. हिला आधार बुडबुड्यांचा. तराफा सुटला तर ती खाली जाते. तिथे हवा नाही, म्हणून नवा बुडबुडा नाही. मग मरण ठरलेलेच.

उलटी असल्याने तिच्या शंखाची वर येणारी बाजू गडद, तर खालची फिकट असते. त्यामुळे वरून ती पाण्यात मिसळते आणि खालून उजेडात.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळे 'ब्लू बॉटल' वाहून येतात. त्यांचा दंश फार झोंबतो, म्हणून त्यांना हात लावू नये. ही गोगलगाय मात्र त्यांना खाते! दोघेही वारा नेईल तिकडे जातात. गाठ पडली तरच जेवण.

हा तराफा आला कुठून? मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली डीएनएची तुलना केली. तिचे जवळचे नातेवाईक समुद्रतळाशी राहणारे निघाले. अंड्यांच्या चिकट पुंजक्यातूनच पुढे तराफा घडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आम्ही संगणकवाले जुना प्रोग्रॅम थोडा बदलून नव्या कामाला लावतो. निसर्गाने ते आमच्या कितीतरी आधी केले!

शब्दार्थ : स्राव – शरीरातून पाझरणारा द्रव, तराफा – तरंगण्यासाठी एकत्र बांधलेला आधार, पुंजका – झुबका

स्वाध्याय :
१. तराफा सुटल्यावर गोगलगाय नवा का करू शकत नाही?
२. शंखाच्या दोन रंगांचा उपयोग काय?
३. 'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण वाक्यात वापरा.