वेळा अमावस्या आणि शिल्लक रजा

चि. महेश यास आबाकाकाचे अनेक आशीर्वाद.

वेळा अमावस्या, बोलीत येळवस, हा मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन साजरा करायचा सण आहे. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेड-सोलापूरच्या लगतच्या भागात तो पाळतात. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीकडेही तो आहे. 1956 पर्यंत हा बराचसा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, हे ध्यानात घेता त्यात नवल नाही. त्या दिवशी तान्ह्या मुलापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सारे घर कुलूप लावून शेतात जाते. लातूर शहरात बाजारपेठ बंद असते, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. ज्याला शेत नाही त्याला कुणाचे तरी आमंत्रण असते. पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाला आमंत्रण लागत नाही, कारण शेत त्याचेच असते, असा आजवरचा समज आहे.

तिथी चांद्रमासाची असल्याने तारीख सरकते. 2022 साली ती 23 डिसेंबरला आली. पुढे 2023 मध्ये अधिक श्रावण पडल्याने ती लांबून 11 जानेवारी 2024 ला गेली. त्यामुळे 2023 हे इंग्रजी वर्ष येळवशीविना गेले आणि 2024 मध्ये दोन येळवशी झाल्या, दुसरी 30 डिसेंबरला. यंदा ती 19 डिसेंबर 2025 रोजी, शुक्रवारी आहे. म्हणजे रजा एका दिवसाची आणि मुक्काम तीन दिवसांचा. हे सर्व इतक्या तपशिलाने लिहिण्यास कारण आहे. गावातला एक मुलगा पुण्यात चिरंजीवांच्याच इमारतीत कामाला आहे. तो कार्तिकीला घरी आला तेव्हा बोलून गेला, की वर्षअखेरच्या कामासाठी चिरंजीवांनी आपण होऊन नाव दिले आहे आणि उरलेल्या रजेचे पैसे घ्यायचे ठरवले आहे. दादांना, म्हणजे चिरंजीवांच्या वडिलांना, हे कोणी सांगितलेले नाही. फोनवर त्यांना फक्त ‘बघू’ एवढेच उत्तर मिळालेले आहे, आणि ते उत्तर होकारार्थी धरून त्यांनी कोपीसाठी, म्हणजे त्या दिवशी शेतात उभारायच्या खोपटासाठी, कडब्याच्या पेंढ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.

रजेविषयी थोडे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा सांगितली आहे. ती वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. कमावलेली रजा साठवता येते, पण तीही 45 दिवसांपर्यंतच. चिरंजीव साहेब झाले असल्यास हा कायदा त्यांना लागू नसेल, तेव्हा कंपनीचा नियम त्यांनी स्वतः वाचावा. नियम कोणताही असो, साठवलेला शुक्रवार पुढच्या मे महिन्यात खर्च करून येळवस मिळत नाही. आणि रजा विकून येणारी रक्कम दादांना पाठवण्याचा विचार असेल, तर त्यांनी ती मागितलेली नाही, एवढे नमूद करणे पुरे.

हा सण याच ऋतूत का, याचे कारण आकाशात आणि जमिनीत दोन्हीकडे आहे. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला तेथे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर चढतो आणि दिवस अकरा तासांचा होतो. परतीचा पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते; पहाटे गारठा आणि दुपारी सोसवेल असे ऊन. उन्हाळ्यात दादांना दुपारी ओसरीच्या बाहेर सोडता येत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चप्पल रुतते, त्यांचा गुडघा तर रुततोच. पंचाहत्तरीचा आजोबा आणि सहा वर्षांची नात एकाच वेळी, एकाच बांधावर, भरदुपारी बसू शकतात असे वर्षातले आठवडे थोडेच, आणि येळवस बरोबर त्यांत येते. चि. ओवीने गोव्याचा समुद्र पाहिला आहे, हे चांगलेच आहे. बांध पाहिलेला नाही.

जमिनीकडे पाहता, हस्ताच्या सुमारास पेरलेली रब्बी ज्वारी आता काही पोटरीत, काही निसवलेली असते. हरभऱ्याला फुले आणि पहिले घाटे असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, करडई काटे काढू लागते. सोयाबीन केव्हाच काढून झालेले असते. अलीकडे सोयाबीन आणि हरभऱ्यापुढे ज्वारीचे रान आक्रसले, त्यामुळे कोपीला कडबा शेजाऱ्याकडून मागावा लागतो; ही गोष्ट शेतीखात्याला किरकोळ वाटेल, येळवशीला नाही. शाळूच्या कणसांवर भोरड्यांचे थवे उतरतात. हा पक्षी मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता येतो, आणि त्याला हाकलण्याचे काम पूर्वी गोफण घेतलेल्या मुलांकडे असे. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. पहाटे त्यावरून हात फिरवून बोट चाटले की जीभ आंबते. मुलांना हे एकदा दाखवले की दिवसभर दुसरे खेळणे लागत नाही.

स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो. मुख्य पदार्थ भज्जी. तिला तळणीच्या भज्याशी काही देणेघेणे नाही: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या ताकात कालवलेल्या बेसनात शिजवायच्या, वर हिरवी मिरची आणि लसूण सढळ. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील. आंबील म्हणजे ताकात आंबवलेले ज्वारीचे पीठ, लसूण-मीठ घालून मातीच्या बिंदगीत भरलेले. बिंदगी डोक्यावर घेऊन शेतात नेतात. प्रत्येक घराची भज्जी वेगळी लागते आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. घरची भज्जी ज्यांच्या हातची होती त्या आता नाहीत. पाककृती मात्र धाकट्या काकूने विचारून ठेवली होती, आणि सूनबाईंना ती सांगायची आहे. फोनवर सांगता येत नाही, कारण तिच्यात कोणतेही माप नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची व लक्ष्मीची पूजा होते, नैवेद्य दाखवतात, मग ‘हरभला’चा गजर करत एकजण पुढे आणि बाकीचे मागे असे पिकात आंबील शिंपडत फिरतात. शिंपडणारा पुढचा माणूस घरातला कर्ता असतो. गेली काही वर्षे दादाच पुढे असतात. गुडघ्यामुळे त्यांची फेरी आता कोपीभोवतीच संपते, आणि उरलेल्या रानात सालगडी शिंपडून येतो. शास्त्राला त्याने बाधा येत नाही. दादा मात्र त्या वेळी दुसरीकडे पाहतात.

पूजेनंतर जेवण आणि जेवणानंतर झोप. आंबिलीने सुस्ती येते हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी कोणाला नावे ठेवत नाही. ज्यांचे वर्षभर बोलणे नव्हते असे भाऊबंदही या दिवशी एकमेकांच्या कोपीत जेवून जातात. बांधाचा वाद दुसऱ्या दिवशी पूर्ववत चालू होतो. किल्लारीच्या भूकंपानंतरची येळवस जानेवारी 1994 मध्ये आली. त्या वर्षी चिरंजीव अगदी लहान होते आणि दादांच्या खांद्यावर बसून शेतात गेले होते, ही गोष्ट त्यांना आठवणार नाही म्हणून येथे नोंदवली आहे. संध्याकाळी काही गावांत कडब्याची पेंढी पेटवून रानातून फिरवतात. तिला हेंडगा म्हणतात.

प्रस्तुत पत्रलेखक मुंबईत नोकरीला होता तेव्हा कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटच्या नॅरोगेजने लातूर गाठावे लागे. ती गाडी इतक्या सावकाश चाले की तिचे निमित्त कोणालाही पटे. दर मार्गशीर्षात वडिलांचे पोस्टकार्ड येई, त्यात एकच ओळ: कोप बांधली आहे. ‘या’ असे त्यांनी कधी लिहिले नाही. पत्रलेखकाने त्या ओळीला उत्तरादाखल मनीऑर्डरी पाठवल्या. पुढे बदली मागून तो गावी परतला, तोवर वडिलांनी शेतात जाणे सोडले होते. नैवेद्याचे ताट घरी आणून त्यांना दाखवले जाई. त्यांनी त्या पोस्टकार्डांचा विषय काढला नाही. पत्रलेखकाने काढायला हवा होता, असे त्याला अजून वाटते, विशेषतः मुंबईच्या दिवसांची गोष्ट निघाली की. दादांच्या ‘बघू’ ऐकण्यात आणि त्या पोस्टकार्डांत साम्य आहे असे येथे म्हणायचे नाही. चिरंजीव हुशार आहेत.

वरील मजकुरात आवाज चढला असल्यास त्याचे कारण वय आहे. पुण्यातल्या नोकरीत काय काय सोसावे लागते याची कल्पना गावात कोणाला नाही, आणि वर्षअखेरच्या कामाला नाव देणारा माणूस आळशी नसतो, हे दादाही जाणतात. घराचा हप्ता, ओवीची शाळा, सूनबाईंची नोकरी, हे सर्व त्यांना तोंडपाठ आहे. दादा ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतात, थोडे वाढवूनच. तीन दिवस जमत नसतील तर एक दिवस यावे. शुक्रवार जमत नसेल तर शनिवारी कोप तशीच ठेवता येईल. पांडवांची हरकत नसावी. दगड दादांनी आताच घासून ठेवले आहेत.

लहान मुलाला शेतात नेताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. विहिरीला कठडा नसणे हा मोठा धोका. यंदा विहिरीवर जाळी टाकून घेतली आहे. करडईच्या काट्यांसाठी पायात बूट हवेत, सँडल नको. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारठा पडतो, म्हणून कानटोपी व स्वेटर. दादांच्या पांघरुणांत नातीसाठी एक नवी चादर आहे. ती कोणी आणली हे विचारू नये, कारण ते ‘घरातच होती’ असे सांगतील. आंबील पिऊन त्याच दुपारी गाडी चालवत पुण्याला निघणे धोक्याचे आहे. म्हणून रेल्वेने यावे: रात्रीची मुंबईहून येणारी लातूर गाडी पुण्यावरून जाते आणि सकाळी पोचवते. आता रूळ मोठे झाले आहेत, गाडी बदलावी लागत नाही. तिकिटांना डिसेंबरात गर्दी असते. होकार कळवला तर येथून स्टेशनवर जीप येईल, कळवला नाही तरी जीप येईलच, फक्त ड्रायव्हरला थंडीत थांबावे लागेल.

ओवीला आंबील आवडली नाही तर जबरदस्ती करू नये. खीर आहे, आणि दूध शेतावर तापवता येते.

सूनबाईंना आशीर्वाद. ओवीला गोड पापा.

आबाकाका