संत्रा बागेतील वाणी आणि गोम : ओळख, उपयोग व उपद्रव

मृगाच्या सरी पडल्या की अचलपूर, परतवाडा, चांदूरबाजार या पट्ट्यातील संत्रा बागांमध्ये ओल्या पालापाचोळ्याखाली तपकिरी, गुळगुळीत व डिवचताच पैशासारखे वेटोळे करणारे प्राणी दिसू लागतात. यांनाच वाणी किंवा पैसा म्हणतात. त्याच ओलाव्यात, दगडाखाली किंवा शेणखताच्या ढिगात, चपटी व चपळ गोमही आढळते. दोघींनाही पुष्कळ पाय असल्यामुळे त्यांना एकाच जातीचे समजून दिसताक्षणी चिरडले जाते. त्यातच गेल्या काही हंगामांत अमरावती, अकोला, यवतमाळ जिल्ह्यांत वाणीने कपाशी व सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडल्यामुळे काही शेतकरी बंधूंवर दुबार पेरणीची पाळी आली. साहजिकच बागेत वाणी दिसली की औषधाचा डबा शोधला जातो. तो उघडण्यापूर्वी या दोन प्राण्यांची नीट ओळख करून घेणे आवश्यक आहे.

वाणीचे शरीर नळीसारखे गोल असते व बहुतेक प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या असतात. पाय इतके असूनही चाल मंद. ती चावत नाही. मात्र हातात घेतल्यास अंगातून उग्र वासाचा स्राव सोडते. त्याने त्वचेवर तपकिरी डाग पडतो व डोळ्यात गेल्यास जळजळ होते. म्हणून वाणी वेचताना हातमोजे घालावेत किंवा चिमट्याचा वापर करावा.

गोमेचे शरीर चपटे असते व प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते. डोक्यामागील पहिल्या जोडीचे रूपांतर विषारी नांग्यांत झालेले असते. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात : १५, २१, २३ किंवा त्याहून पुष्कळ अधिक. पुस्तकात तिला शतपाद म्हटले तरी बरोबर शंभर पायांची गोम त्यामुळे सापडत नाही. वाणीच्या सहस्रपाद या नावाचेही बरेच दिवस तसेच होते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोलवर राहणाऱ्या, १३०६ पायांच्या एका जातीची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे ते नाव खरे ठरले.

बागेतील वाणीचे मुख्य अन्न म्हणजे कुजू लागलेला काडीकचरा. संत्र्याचे गळलेले पान चिवट असते, ते लवकर कुजत नाही. वाणी ते कुरतडून खाते, त्यातील थोडाच भाग अंगी लावते व उरलेला बारीक लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकते. या लेंड्यांवर जिवाणू व बुरशी झपाट्याने वाढतात आणि पानातील अन्नद्रव्ये पुन्हा झाडाच्या मुळांना मिळू लागतात. गांडुळाच्या कामाला पूरक असे हे काम आहे. ज्या बागेत वाणी, गांडूळ व गोम तिन्ही दिसतात तेथील जमिनीत सेंद्रिय पदार्थ व ओल टिकून आहे असे समजण्यास हरकत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे जरूर आहे. डिंक्या झालेल्या झाडाच्या बुंध्याशी, सडलेल्या सालीखाली वाणी हमखास सापडते व साल तिनेच खाल्ली असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. डिंक्या हा फायटोप्थोरा बुरशीमुळे होतो. साल सडल्यानंतर वाणी तेथे येते. अशा झाडाला कीटकनाशक घालून खर्च वाढतो आणि रोग तसाच राहतो. सडलेली साल खरवडून बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी) लावावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सर्वच झाडांच्या बुंध्यांना जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत ते लावणे चांगले. आच्छादनाचे कुटार बुंध्यापासून हातभर दूर ठेवावे.

गोम मांसाहारी आहे. वाळवी, लहान अळ्या, कोवळी हुमणी, कोळी असे मिळेल ते ती खाते. गांडूळही सोडत नाही. तिच्या भरवशावर हुमणीचा बंदोबस्त होईल अशी अपेक्षा ठेवू नये, परंतु ती फुकटची राखणदार आहे एवढे खरे. तिच्या अंगातील ओल लवकर उडून जाते, म्हणून उघड्या, तापलेल्या जमिनीत ती टिकत नाही. मोठी गोम चावल्यास तीव्र वेदना व सूज येते. जखम साबणाने धुऊन कोमट पाण्याचा शेक द्यावा. लहान मुलाला चावल्यास, सूज पसरल्यास किंवा श्वासाला त्रास झाल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

आता उपद्रवाविषयी. वाणीचे जबडे जून, टणक भागावर चालत नाहीत, त्यामुळे उभ्या संत्रा झाडाला तिच्यापासून धोका नाही. परंतु उगवणारे बी व कोवळा कोंब तिला आवडतो. जंबेरीच्या नुकत्याच उगवलेल्या वाफ्यात, तसेच लहान बागेतील सोयाबीनच्या आंतरपिकात व शेजारच्या पऱ्हाटीत नुकसान होऊ शकते. वाणी दिवसा धुऱ्यावरील गवतात लपते व रात्री बाहेर पडते. म्हणून कंदील किंवा बॅटरी घेऊन रात्रीच तपासणी करावी. रोप जमिनीलगत कापलेले असून माती उकरल्यावर अळी सापडली तर तो रोपे कुरतडणारी अळी किंवा हुमणी यांचा प्रकार असू शकतो, त्याचा उपाय वेगळा आहे.

पेरणीच्या पट्ट्यातील अर्धवट कुजलेला काडीकचरा आधी वेचून खताच्या खड्ड्यात टाकावा, जाळू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, म्हणजे उगवण जोमदार होऊन कोवळी अवस्था लवकर सरते. प्रादुर्भाव दिसल्यास सायंकाळी शेतात ठिकठिकाणी ओल्या गवताचे लहान ढीग किंवा भिजवलेली पोती ठेवावीत. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी त्याखाली जमलेल्या वाणी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हे काम दोन-तीन आठवडे, रोपे टणक होईपर्यंत, नेटाने केल्यास फवारणीची गरज सहसा पडत नाही. ढिगाखाली गोम, बेडूक किंवा लाल-काळे शिकारी ढेकूण सापडल्यास त्यांना सोडून द्यावे. या ढेकणांच्या काही जाती केवळ वाणीवरच जगतात.

एवढे करूनही नुकसान वाढतच असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना प्रत्यक्ष रोप दाखवून त्या पिकासाठी शिफारस असलेलेच औषध, फक्त बाधित ओळींत वापरावे. पूर्वी सर्रास टाकले जाणारे फोरेट दाणेदार औषध ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालेले आहे. कोणी जुना साठा देऊ केल्यास तो घेऊ नये. आळ्यातील वाणीला मात्र हात लावू नये. आंबिया बहाराच्या खताबरोबर टाकलेला पालापाचोळा तिलाच बारीक करावयाचा आहे.