मुलांचे आजारपण, घरातली औषधे आणि शाळेची हजेरी

प्रिय पालक बंधू-भगिनींनो, विश्वस्त मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो,



पोळा झाला की आपल्या शाळेचे वर्ग रिकामे होऊ लागतात. पुढे कापूस वेचणी येते, मग संत्र्याचा तोडा. घरचे सगळे वावरात गेले की लहान मूलही सोबत जाते. हे मी समजू शकतो. पण या वेळी मला कामासाठी बुडालेल्या शाळेबद्दल लिहायचे नाही. "बरं नव्हतं" एवढेच सांगून जी गैरहजेरी लागते, तिच्याबद्दल लिहायचे आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे भाषेत काही चूक दिसली तर सांभाळून घ्यावे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागात काय झाले ते आपण सर्वांनी ऐकले आहे. सौंसर आणि पांढुर्णा तहसील २०२३ पर्यंत त्याच छिंदवाडा जिल्ह्यात होत्या, म्हणजे ही दूरची गोष्ट नव्हे. लहान मुलांना साधा ताप आणि सर्दी झाली. औषध दिले, ताप उतरला, आणि दोन-चार दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडली. मूत्रपिंडे निकामी झालेली मुले घेऊन आई-बाप नागपूरला धावले. सुरुवातीला कारणच कळेना. पाण्याचे नमुने तपासले, डासांचे तपासले. शेवटी दोष निघाला कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सायरपमध्ये. तमिळनाडूच्या औषध विभागाने तपासलेल्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के होते. चालू शकणारे प्रमाण ०.१ टक्का. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेश सरकारने त्या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत उशीर झाला होता. छिंदवाडा, बैतूल आणि पांढुर्णा या तिन्ही जिल्ह्यांतली मिळून वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आपल्या पहिलीच्या मुलांच्या धाकट्या भावंडांएवढी.

वरच्या वर्गातल्या मुलांनी हे नीट समजून घ्यावे. सायरपमध्ये औषध विरघळावे म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव वापरतात. तो शुद्ध असला तर अपाय नाही. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच पातळ, बिनरंगाचे, चवीला गोड; पण ते कारखान्यात, ब्रेकच्या तेलात, शाईत वापरायचे रसायन आहे. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या मारून टाकते. लहान मुलाचे वजन कमी, म्हणून थोड्या मात्रेतही घात होतो. असे पहिल्यांदा झाले असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला होता. म्हणजे जवळपास चाळीस वर्षांपूर्वी धडा मिळाला होता, आणि तरी आपल्या शेजारी हे घडले. याचा राग येतो, आणि यायलाच हवा.

बाटली बघून आत काय आहे हे आई ओळखू शकत नाही, मेडिकलवालाही नाही. पण गरज नसलेली बाटली न उघडणे आपल्या हातात आहे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य विभागाने कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला आराम आणि भरपूर पाणी-पेज यांनी आपोआप जातो. मोठ्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला पाजणे, शेजारणीने सांगितले म्हणून चमचा भरणे, हे आजपासून बंद करावे ही हात जोडून विनंती. डॉक्टरांनी औषध दिलेच तर चिठ्ठी आणि बाटली दोन्ही जपून ठेवा. बॅच नंबर बाटलीवरच असतो. आणि आजारी मूल दिवसभरात नेहमीपेक्षा फार कमी लघवी करत असेल, सारखे ओकत असेल किंवा सुस्त पडून असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आता हजेरीचे. मी तरुण शिक्षक असताना एका दुसऱ्या गावी माझ्या वर्गातली दुसरीतली मुलगी नऊ दिवस आली नाही. कापूस वेचायला गेली असेल असे मी समजलो आणि रोज निमूटपणे गैरहजेरी मांडत राहिलो. तिला कावीळ झाली होती. मुलगी सुखरूप परतली, पण तोवर वर्गातली आणखी चार मुले आजारी पडली होती. सगळी एकाच टाकीचे पाणी पीत. पहिल्या दोन दिवसांत मी तिच्या घरी गेलो असतो तर टाकी वेळेवर साफ झाली असती. ही चूक माझी होती, आणि हजेरीपट उघडला की ती अजून आठवते.

म्हणून प्राथमिक वर्गांसाठी आम्ही असे ठरवले आहे. मूल येणार नसेल तर पालकांनी सकाळीच वर्गशिक्षकांना कळवावे आणि कारण खरे सांगावे. वावरात नेले असेल तर तसे सांगा, कोणी रागावणार नाही. ताप, जुलाब, कावीळ, अंगावर पुरळ, असे काय आहे ते हजेरीपटात कारणासह लिहिले जाईल. एका वर्गात एकाच तक्रारीची तीन मुले दिसली की आम्ही त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवू आणि शाळेची टाकी तपासू. शाळेत कोणतेही शिक्षक मुलाला सायरप किंवा गोळी देणार नाहीत. दुपारचा डोस असेल तर आईने, आजीने, कोणीतरी मोठ्या माणसाने येऊन द्यावा. दप्तरात बाटली पाठवू नये. आणि ताप असलेल्या मुलाला केवळ शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसासाठी पाठवू नका. ते बक्षीस आम्हीच बंद करतो आहोत, त्यात आमचेच चुकत होते.

विश्वस्त मंडळाकडे माझी एक मागणी आहे. या कामासाठी एक वेगळा मोबाईल हवा, जो शाळेतच राहील. शिक्षकांचा खाजगी नंबर सगळ्यांकडे असतोच असे नाही, आणि बदलतोही. पुढच्या बैठकीत हा विषय ठेवला आहे.

ज्यांचे नंबर शाळेत नोंदलेले नाहीत किंवा जुने झाले आहेत, त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून या आठवड्यात मुलाबरोबर पाठवावेत. घरी फोन नसेल तर शेजाऱ्यांचा चालेल. तोही नसेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गशिक्षक स्वतः घरी येतील.

आपला,
प्राचार्य