दुबईचे विमान आणि दोन घड्याळे

कोकणातल्या पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस आखातात कामाला असतो. तो जायचा किंवा यायचा झाला की विमानाचे तिकीट घरात येते. तिकिटावरची अक्षरे आता तुम्हाला लागतात. पण वेळेचा आकडा चकवतो. कसा, ते पाहा.

मुंबईहून दुबई सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर आहे. विमानाला मध्ये घाट नाही की वळण नाही. खाली बहुतेक अरबी समुद्रच. उंच गेल्यावर ते तासाला आठशे किलोमीटरांहून जास्त पळते. मग अडीच तासांत पोचायला हवे. पण धावपट्टीपर्यंत सरकत जायचे, वर चढायचे, पुन्हा हळूहळू उतरायचे, त्यात वेळ जातोच. म्हणून सव्वातीन तास धरावे.

आता तिकीट वाचू. समजा, विमान मुंबईहून १०:०० ला सुटणार, दुबईला ११:४५ ला पोचणार. तुम्ही म्हणाल, "अरे, पावणेदोन तासांतच पोचला की!" परतीच्या तिकिटावर काय आहे? दुबईहून १०:००, मुंबईस १४:३०, म्हणजे दुपारचे अडीच. हे झाले साडेचार तास! जाताना उतार आणि येताना चढ आहे की काय?

तसे नाही. ज्या गावची वेळ, ती त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. दुबई आपल्या पश्चिमेला. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, तिकडे मागून. पृथ्वीच्या गोलावर ३६० उभ्या रेघा कल्पिल्या आहेत. त्यांना रेखांश म्हणतात. एका रेघेवरून दुसरीवर यायला सूर्याला ४ मिनिटे लागतात. आपले घड्याळ साडेब्याऐंशीव्या रेघेवर लावलेले, दुबईचे साठाव्या. फरक साडेबावीस रेघांचा. साडेबावीस चोक नव्वद. नव्वद मिनिटे म्हणजे दीड तास. तेवढे दुबईचे घड्याळ मागे.

म्हणून जाताना पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन तास होतात. येताना साडेचारांतून दीड वजा करा, तीन उरतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो, तो येताना पाठीशी असतो. त्याने थोडा वेळ वाचतो.

खरा घोटाळा मध्यरात्रीचा. तिकिटावर '१२ तारीख, ००:३०' असे असेल, तर ती ११ तारखेची रात्र समजा. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. विमानतळावर तीन तास आधी जायचे, म्हणजे ११ तारखेला रात्री साडेनऊला तिथे हजर पाहिजे. १२ तारखेला रात्री जेवूनखाऊन निघालात, तर विमान आदल्याच रात्री गेलेले! तिकिटाचे पैसे बुडतात, आणि कामावर हजर व्हायचा दिवस चुकला तर नोकरीवरही येते.

आणायला जाणाऱ्यांनीही तारीख पाहावी. दुबईहून २२:३० ला, म्हणजे रात्री साडेदहाला निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला टेकते. पुष्कळ तिकिटांवर अशा वेळेपुढे बारीक '+१' छापलेले असते. ते ह्यासाठीच. सामान घेऊन बाहेर यायला आणखी तासभर लागतो, तेव्हा भाड्याची गाडी चारला आली तरी चालेल.