कुटुंबासह धरणावर गळ टाकायला जाताना



तूर घरात आली, हरभरा निघाला, की वऱ्हाडात चार दिवसांची उसंत मिळते. अशा वेळी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर किंवा गावच्या तलावावर मुलाबाळांसह जावे, गळ टाकावा, काठावर चूल मांडावी असे पुष्कळांना वाटते. हंगामही योग्य असतो. कडाक्याच्या थंडीत मासा खाणे कमी करतो. होळीच्या सुमारास पाणी कोमट होऊ लागले की गळाला लागतो. मात्र अशी सहल भोई समाजातील जाणत्या मासेमाराला सोबत घेऊनच करावी. त्याची मजुरी आणि डोंग्याचे भाडे आधीच बोलून घ्यावे.

पहिली गोष्ट परवानगीची. अनेक तलाव व जलाशयांतील मासेमारी ठेक्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असते. आतले कटला, रोहू, मृगळ आपोआप आलेले नसतात. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुळ येथे या जातींच्या माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज हमखास मिळू लागले. तेच बीज संस्था पैसे मोजून सोडते. वाटसरूने धुऱ्यावरचा हरभरा उपटला तर आपल्याला काय वाटते ते आठवावे आणि संस्थेला विचारूनच गळ टाकावा. अकोल्याकडे महान येथील काटेपूर्णा जलाशयाला लागून अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय कोणताही जीव काढता येत नाही, मासासुद्धा.

वाटाड्याचा खरा उपयोग पाण्यावर कळतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे दोरी किती खोल सोडायची हे कोणता मासा हवा त्यावर ठरते. रोहू-मृगळासाठी कणकेत थोडी ढेप मळून केलेली गोळी चालते, गांडूळही चालते. कटला मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो, म्हणून गांडुळाकडे तो क्वचितच वळतो. नवखा माणूस मात्र दिवसभर वाट पाहत बसतो! मरळ श्वास घ्यायला वर येते, तिच्या बुडबुड्यावरून जाणता मासेमार जागा ओळखतो. काठाजवळ तांबूस पिलांचा थवा दिसला तर तेथे गळ टाकू नये. खाली नर-मादी राखण करीत असतात. ती पकडली की पिले इतर मासे खाऊन टाकतात. शिंगाळ्याच्या पाठीवरील व बाजूच्या परांत टोकदार काटे असतात, तो मुलांच्या हाती देऊ नये. लहान मासा सोडायचा असल्यास हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघून जाते व त्याला रोग जडतो.

आता डोंग्याविषयी, आणि हे नीट वाचावे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. एका घरी उत्तरकार्यासाठी जमलेले ते नातलग होते. आपणही असेच सगळे घर घेऊन पाण्यावर जातो. पाहुणे आलेले असतात, कोणाला मागे ठेवावे हे जड जाते, "एक लेकरू मांडीवर बसेल" असे आपणच म्हणतो. डोंगेवाला चार म्हणाला तर चारच. संकोचापोटी तो पाचव्याला हो म्हणू लागला तर आपण नाही म्हणावे. उरलेल्यांनी दुसऱ्या खेपेस जावे. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे. ती पुरेशी नसतील तर डोंग्यात बसूच नये, गळ काठावरूनही टाकता येतो. डोंग्यात कोणीही उभे राहू नये, फोटोसाठी तर नाहीच. दुपारनंतर वारा सुटतो, त्यापूर्वी काठाला यावे.

काठही फसवा असतो. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली काळी माती वरून वाळलेली दिसते, आत पाय गुडघाभर रुततो. बुडीत शेतांत जुन्या विहिरी व झाडांचे बुंधे असतात. कोठे उतरायचे हे मासेमारालाच माहीत, म्हणून मुलांना त्याच्या मागोमागच चालवावे.

सोबत लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारा रिकामा कॅन न्यावा. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, गपकन खाली जातो. त्याच्यामागे उडी घेऊ नये, दोराला बांधलेला कॅन फेकावा. दोर नसल्यास काठी किंवा लुगडे. बाहेर काढल्यावर पालथे घालून पोट दाबणे किंवा पाय धरून उलटे फिरविणे या जुन्या समजुतींत मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मधोमध जोराने दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे आधी आरोग्य केंद्रात शिकून घेतलेले बरे.

घरी परतल्यावर आपल्या शेततळ्याकडेही एकदा पाहावे. प्लास्टिकच्या अस्तरावर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडावेत, भोवती कुंपण घालावे. दोर उन्हाने कुजतो, दर पावसाळ्यापूर्वी ओढून पाहावा.